बोर्ड गेला म्हणण्याआधी

प्रश्न : अक्कलकोट रोडवर आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जकार्ड मागाची डिझाइन्स मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर करतो. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम. डिसेंबरात व्हिडिओ बघून प्रोसेसर ४.१ गिगाहर्ट्झवर नेला, व्होल्टेज १.४ ठेवलं. झकास चालला. एप्रिलपासून काम करता करता बंद पडायला लागला, म्हणून विंडोजमधूनच बायॉस अपडेट करायला घेतलं. ते अर्ध्यावर असताना मशीन हँग झालं. आता पंखे फिरतात, स्क्रीन काळी. दुकानदार म्हणतात बोर्ड गेला, नवा घ्या. घेऊ का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : इतक्यात घेऊ नका. तुम्ही बदललेली सेटिंग्ज वेगळी आणि बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, वेगळा. प्रोग्राम बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतो. नुसती सेटिंग्ज बिघडली असतील तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढून ती पुसली की भागतं. प्रोग्रामच अर्धवट लिहिला गेला असेल, तर सेल कितीदाही काढा, उपयोग नाही.

तरी सुरुवात सेलपासूनच करा, कारण त्यात पैसे जात नाहीत. वीज पूर्ण तोडा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, सेल काढून दहाएक मिनिटं थांबा. एकच रॅम ठेवा. बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लागते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. २६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच दिसणार नाही. या एका केबलपायी ‘बोर्ड गेला’ म्हणून माझ्या टेबलावर आलेली मशीन्स कमी नाहीत. मग चालू करा आणि हात लावू नका. रॅम नव्याने जुळवून घेताना मशीन एकदोनदा आपोआप बंद होऊन चालू होतं, त्याला वेळ लागतो. नेमकं तेव्हाच लोक घाबरून स्विच बंद करतात.

एवढं करूनही स्क्रीन काळीच राहिली तर चिपवर संशय घ्या. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बायॉस लिहायचं बटण असेल तर तुमचं नशीब चांगलं : फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने बायॉसची फाइल ठेवायची, खूण केलेल्या पोर्टात लावायची आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज घालवायची नाही. बटण नसेल तर प्रोग्रामर, म्हणजे चिपवर प्रोग्राम लिहायचं यंत्र, असलेल्या कारागिराकडे जा. त्याला चिपचा नंबर वाचून व्होल्टेज ठरवायला सांगा. अशा बऱ्याच बोर्डांवर १.८ व्होल्टची चिप असते आणि स्वस्तातला प्रोग्रामर ३.३ देतो, मध्ये अडॅप्टर नसेल तर चिप खरंच जाते.

पण मला काळजी वाटते ती पुढची. मूळ दुखणं बायॉसचं नव्हतंच. प्रोसेसरवरचा कूलर (धातूच्या पात्यांचा हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरातली हवा आणि एप्रिलच्या दुपारची चाळिशीपलीकडची हवा यांत जेवढा फरक, जवळपास तेवढाच प्रोसेसरच्या तापमानात पडतो. २६०० ची मर्यादा ९५ अंशांची आहे. त्यात तुमच्याकडे सुताची उडती धूळ. मागांजवळच्या ऑफिसातलं कॅबिनेट उघडलं की पंखा वरून स्वच्छ दिसतो. चार स्क्रू काढून तो उचलला की खाली हीटसिंकच्या पात्यांवर करड्या कापसाची अखंड गादी बसलेली असते. ती चिमटीने सोलून निघते, ब्लोअरने हलत नाही. तुमच्या कूलरची हीच गत असणार असं मला वाटतं. शिवाय स्वस्त बी४५० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकही धड नसतो, तोही तापतो.

मशीन उठलं की कूलर साफ करा, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट नवी लावा आणि ओव्हरक्लॉक, म्हणजे हा वाढवलेला वेग, सोडून द्या. हा प्रोसेसर गरजेप्रमाणे आपला आपण ३.९ पर्यंत जातो. जकार्डच्या कामात ४.१ चा फायदा हाताला जाणवणार नाही, बंद पडल्यावर बुडालेलं डिझाइन मात्र जाणवेल. बायॉसमधलं रॅमचा वेग वाढवणारं ३२०० चं प्रोफाइल हेही ओव्हरक्लॉकच. हा प्रोसेसर अधिकृतपणे २९३३ पर्यंतच घेतो. ओव्हरक्लॉकची हौस असेलच तर त्याची परीक्षा मे महिन्यात दुपारी तीनला घ्या, एसी बंद ठेवून.

यापुढे बायॉस अपडेट करायचं झालं तर आधी सगळं डिफॉल्टवर आणा. अपडेट विंडोजमधून नको, बायॉसमध्ये शिरून पेनड्राइव्हवरून करा, आणि मशीन यूपीएसवर असू द्या. बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही ताडून पाहा. एकाच नावाच्या दोन बोर्डांची फाइल वेगळी असू शकते.

प्रश्न : रोज सकाळी घड्याळ जुनी तारीख दाखवतं आणि कधी कधी विंडोज निळी पडते. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बोर्डावरचा सेल संपला आहे. सीआर२०३२ नंबरचा नवा घाला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. निळ्या स्क्रीनचं कारणही बहुधा तेच : जुन्या बोर्डावर सेटिंग्ज पुसली की हार्डडिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाची तिच्याशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जातो. तो बायॉसमध्ये शिरून परत एएचसीआय करा. विंडोज नव्याने टाकू नका, कोणी सांगितलं तरी.