उंचावरच्या द्राक्षबागांमुळे रेड वाइनच्या चवीत काय फरक पडतो?

मुख्य फरक सालीत पडतो. उंचावर अतिनील किरणं जास्त, म्हणून द्राक्ष स्वतःला जपायला साल जाड करतं, तिच्यात रंगद्रव्य आणि टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य, वाढतं. रेड वाइनचा रंग येतो तोच मुळी सालीतून! अर्जेंटिनातल्या उको खोऱ्यात, साधारण 1000 मीटरच्या वर पिकलेल्या माल्बेक जातीच्या द्राक्षांच्या वाइनचा पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा: वाइन मध्यभागी जवळजवळ काळी, कडेला जांभळी.

दुसरं कारण थंडी. दर 100 मीटरला तापमान साधारण 0.6 अंशाने उतरतं आणि रात्री चांगलाच गारठा पडतो. त्यामुळे द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल टिकून राहतं. वाइन गडद असूनही जिभेवर जड वाटत नाही. मला तर हा ताजेपणाच सगळ्यात मोलाचा वाटतो. मात्र फार उंचावर द्राक्षं पिकायच्या आधीच थंडी गाठते, मग टॅनिन कच्चं, तुरट लागतं.