अंगणातली फळझाडं: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकचे, आता कॅलगरीत घर घेतलंय. मागच्या अंगणात हनीक्रिस्प सफरचंद आणि ब्लूबेरी लावायचीये. दक्षिणेच्या भिंतीला मस्त ऊन असतं, तिथे लावू का? आणि उणे ३० मध्ये मुळात जगतं काय?

उत्तर: जगतं की, फळंही धरतात, पण आधी ती भिंत डोक्यातून काढा. कॅलगरीत झाडांचा खरा घात नुसती थंडी करत नाही, तो चिनूक करतो. ऐन जानेवारीत रॉकीज पर्वतांकडून कोरडा उबदार वारा सुटतो, तोच हा चिनूक, पारा काही तासांत उणे २० वरून शून्याच्या वर जातो, भिंतीजवळचं झाड तर आणखीच तापतं, लागतं जागं व्हायला आणि दोन दिवसांनी परत कडाका की खोडाची साल तडकली म्हणून समजा. झाड उघड्यावर उन्हात लावा, भिंतीला चिकटून नको, आणि खोडाला पांढरा ट्री गार्ड घाला.

हनीक्रिस्प मिनेसोटाचं वाण, थंडी बऱ्यापैकी काढतं पण पिकतं उशिरा, तुमचा उन्हाळा त्याला पुरत नाही. नॉरलँड नाहीतर गुडलँड घ्या. परागीभवनाला दुसरं झाड लागतं, पण शेजारीपाजारी क्रॅबअ‍ॅपल (छोट्या आंबट फळांचं सफरचंदाचंच भावंड) असेल तर भागतं.

ब्लूबेरी सोडाच. तिला ४.५ ते ५.५ पीएचची आम्ल माती लागते, तुमच्याकडची अल्कधर्मी, पानं पिवळी पडणार. त्याऐवजी हास्कॅप लावा, फळ ब्लूबेरीसारखंच निळं, माझं तर हे सगळ्यात लाडकं झुडूप, याची उमललेली फुलंसुद्धा उणे ७ सोसतात! फक्त दोन वेगळी वाणं हवीत आणि बोरिअलिस-टंड्रा अशी जोडी नको, ती जवळची भावंडं, फळ नीट धरत नाही, एकीसोबत ऑरोरा घ्या. अजून एक, फळ बाहेरून निळं झालं की लोक तोडतात आणि मग आंबट आंबट म्हणून बोंबलतात. एक कापून बघा, आत हिरवट असेल तर थांबा, आतला गर गडद जांभळट लाल झाला की तोडा. तोवर जाळी टाका, पक्षी आधी येतात.

जागा उरली तर सस्काचेवान विद्यापीठाची कार्माइन ज्युएल चेरी, झुडूपच असतं, एकटीलाही फळं येतात. आंबट असते, पण साखरांबा फक्कड होतो.

आणि खोडाभोवती तारेची जाळी हवीच, बर्फ साचतो त्याच्याही वरपर्यंत, कारण ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात.