मायामीहून सुटणाऱ्या क्रूझ नक्की कधी सुरू होणार? डिसेंबरचं बुकिंग ठेवू की रद्द करू?

पक्की तारीख आज, सप्टेंबर २०२० मध्ये, कुणीच देऊ शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. निर्णय सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या हातात आहे. करोनामुळे मार्चमध्ये क्रूझवर घातलेली बंदी एप्रिलमध्ये वाढली, जुलैमध्ये पुन्हा वाढली आणि आता ३० सप्टेंबरपर्यंत आहे. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने तर स्वतःहून ३१ ऑक्टोबरपर्यंत तिथल्या फेऱ्या थांबवल्यात. त्यामुळे संकेतस्थळावर तारीख दिसते म्हणून जहाज सुटेलच असं धरून चालू नका.

एवढी सावधगिरी का, ते जपानमध्ये योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर दिसलं. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना निदान केबिनमध्ये बसवता आलं; कर्मचारी मात्र एका खोलीत दोघं-दोघं झोपत होते, एकत्र जेवत होते आणि दारोदार जेवण पोचवत होते. त्यांत शंभराहून जास्त भारतीय होते. त्यांचे हाल आठवले की बंदी योग्यच वाटते.

इटलीत मात्र ऑगस्टमध्ये एमएससी ग्रँडिओसा ही क्रूझ जेनोवाहून निघाली. चढण्याआधी सगळ्यांची स्वॅब चाचणी, प्रवासी कमी, बंदरावर उतरायचं ते फक्त कंपनीच्या सहलीतून. नेपल्सला एक कुटुंब वेगळं फिरायला गेलं, तर त्यांना परत चढूच दिलं नाही. बरोबर केलं.

बुकिंग घाईने रद्द करू नका. फेरी कंपनीने रद्द केली तर सहसा पूर्ण पैसे किंवा पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट मिळतं. तुम्ही केली तर रक्कम कापली जाते. उरलेले पैसे भरायची मुदत मात्र आजच बघा, आणि विमानाचं तिकीट एवढ्यात काढू नका.