सबडोमेनला वेगळं होस्टिंग अकाउंट देता येतं का?

तुमची गरज अशी: सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीची साइट एका अकाउंटवर आहे, आणि तासगावच्या बेदाण्यासाठी त्याच डोमेनचं सबडोमेन (मुख्य नावाच्या आधी एखादा शब्द जोडून होणारा पत्ता) हवंय, पण भावाच्या ताब्यातल्या स्वतंत्र अकाउंटवर.

जमतं, आणि सांभाळणारे दोघं असतील तर असंच करावं. एकाच अकाउंटमध्ये दोन्ही साइट ठेवल्या, की बेदाण्याच्या वर्डप्रेसमधल्या एखाद्या जुनाट प्लगिनमधून (जोड-प्रोग्रॅममधून) शिरलेला माणूस हळदीच्या फायलींपर्यंतही पोचू शकतो.

तुमच्याकडे रिसेलर प्लॅन (ज्यात अनेक अकाउंट बनवता येतात) किंवा व्हीपीएस (स्वतःचा आभासी सर्व्हर) असेल तर डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे अकाउंट बनवायच्या पॅनलमध्ये, नवीन अकाउंट उघडा आणि डोमेनच्या रकान्यात पूर्ण सबडोमेन टाका. ते मुख्य अकाउंटच्या सीपॅनलमध्ये (एका अकाउंटच्या कंट्रोल पॅनलमध्ये) आधीच बनवलेलं असेल, तर बॅकअप घेऊन तिथून काढा, नाहीतर नवीन अकाउंट बनताना एरर येईल.

साधं शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेक ग्राहक, तुमचं एकच अकाउंट) असेल तर दुसरा प्लॅन घ्या, कुठल्याही कंपनीचा चालेल. मग मुख्य डोमेनचं डीएनएस (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं याची नोंद) जिथे आहे तिथे सबडोमेनच्या नावाने ए रेकॉर्ड, म्हणजे नावाला आयपी जोडणारी नोंद, टाका आणि त्यात नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) द्या. नवी कंपनी ईमेलमध्ये स्वतःचे नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी देणारे सर्व्हर) पाठवते. ते मुख्य डोमेनला अजिबात लावू नका, हळदीची साइट आणि मेल दोन्ही बंद पडतील.

आधीच्या रेकॉर्डचा टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) १४४०० असेल तर चार तासांपर्यंत जुनाच आयपी दिसू शकतो. नवा आयपी दिसायला लागला की मगच सबडोमेनसाठी एसएसएल (https चं सर्टिफिकेट) चालवा.