'मोड शेअर'ला मराठीत काय म्हणावे?

नांदेडचे एक वाचक नगररचना शिकतात. शहराच्या वाहतूक आराखड्यावर मराठीत टिपण लिहिताना ते 'मोड शेअर टार्गेट सेट करणे' या शब्दांपाशी अडले. शोधाशोध केल्यावर त्यांना 'परिवहन पद्धती अंश लक्ष्य निर्धारण' असे भाषांतर मिळाले. ते लिहायला हात धजत नाही, म्हणतात.

लिहूच नका. पाच शब्द नुसते एकापुढे एक उभे केलेत, कोण कोणाचा हे सांगणारा एक प्रत्यय मध्ये नाही.

मुळात गोष्ट साधी आहे. 'मोड' म्हणजे प्रवासाचे साधन, आणि 'मोड शेअर' म्हणजे शहरात होणाऱ्या दर शंभर प्रवासांपैकी किती पायी होतात, किती सायकलने, किती बसने, किती रिक्षाने, किती स्वतःच्या गाडीने. यातल्या 'शेअर'ला आपल्याकडे पक्का शब्द आहे: वाटा. मराठवाड्यात शेत बटईने दिले की खळ्यावर रास पडते, मालकाचा वाटा वेगळा होतो, बटईदाराचा वेगळा. रास तीच, म्हणून एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो. वाहतुकीतही नेमके हेच असते. बसचा वाटा वाढवायचा तर दुसऱ्या कोणाचा तरी कमी होणार, हे या शब्दात आधीच आले. 'हिस्सा' म्हटले की मालकी हक्क डोळ्यांपुढे येतो, भावाभावांची वाटणी आठवते. 'टक्केवारी' हा शब्द कंत्राटांच्या बातम्यांनी नासवला आहे. आणि 'शेअर' तसाच ठेवला तर लोकांना शेअर रिक्षाच आठवेल.

एक खाच मात्र आहे. 'वाट'चे अनेकवचनही 'वाटा'च. 'प्रवासवाटा' असा जोडशब्द केला की वाचणाऱ्याला रस्ते दिसतात. दोघांचे कूळ वेगळे: रस्त्याची वाट 'वर्त्म'वरून आली, वाटा 'वाटणे'वरून. विभक्ती लागली की घोटाळा मिटतो, कारण रस्त्यांचे 'वाटांना' होते आणि हिश्शाचे 'वाट्याला'. म्हणून जोडू नका, सरळ 'बसचा वाटा', 'सायकलचा वाटा' लिहा. तक्त्याला मथळा हवा तर 'प्रवासाचा साधननिहाय वाटा'. जिल्हानिहाय, प्रभागनिहाय आपण रोज वाचतो, त्यामुळे तो कानाला खटकत नाही.

'वाहननिहाय' का नको? कारण त्यात पायी चालणारा बाद होतो. आमच्या शेजारच्या काकू संभाजीनगरात मुकुंदवाडीतून दहा मिनिटे चालत थांब्यावर जातात, सिटी बसने बाबा पेट्रोल पंपापर्यंत, तिथून शेअर रिक्षाने वाळूजला कंपनीत. मोजणीत हा एकच प्रवास धरतात आणि त्यातले एक साधन मुख्य मानून सगळा त्याच्या खाती लिहितात. बस किंवा रिक्षा, कोणीतरी जमा होते, काकूंचे चालणे कुठेच दिसत नाही. पाहणीच्या पद्धतीतच चालणारा असा निसटतो, निदान शब्दातून तरी त्याला गाळू नये.

'ट्रिप'साठी 'खेप' मला फार आवडला असता. 'तहसीलला तीन खेपा घातल्या', 'हापशावरून पाण्याच्या चार खेपा केल्या', किती जिवंत शब्द आहे! पण आपली खेप जाऊन-येऊन एक, आणि नियोजनात जाणे एक, येणे दुसरे. 'फेरी' एसटीने आधीच घेतली आहे. म्हणून 'प्रवास'च बरा.

'टार्गेट'ला 'उद्दिष्ट' घ्या. 'लक्ष्य' चुकीचे नाही, पण छापताना त्याचे 'लक्ष' होते आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. उद्दिष्ट ठरवतात, गाठतात. 'सेट' करायची गरज नाही.

सर्वात जपायचे ते प्रत्ययांना. 'बसचा वाटा २० टक्क्यांवर नेणे' आणि 'बसचा वाटा २० टक्क्यांनी वाढवणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज १० टक्के वाटा असेल, तर पहिल्याचा अर्थ दुप्पट. दुसऱ्याचा अर्थ कोणी ३० टक्के लावील, कोणी १० चे २० टक्के म्हणजे २ मिळवून १२ म्हणेल. आराखड्यात अशी पळवाट राहिली की पुढे काहीही करून उद्दिष्ट गाठल्याचे दाखवता येते. म्हणून नेहमी 'वरून' आणि 'वर' लिहा: १० वरून २० टक्क्यांवर. सालही त्याच वाक्यात घाला.

२०१८ च्या लंडनच्या वाहतूक धोरणातले उद्दिष्ट मराठीत असे येईल: '२०४१ पर्यंत लंडनमधल्या शंभरपैकी ८० प्रवास पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने व्हावेत.' यात 'मोड' नाही, 'शेअर' नाही, आणि काही राहिलेलेही नाही. तुमच्या टिपणात नांदेडचे वाक्य याच घडणीचे करा: आज शंभरात इतके प्रवास बसने होतात, अमुक सालापर्यंत ते इतक्यांवर न्यायचे. तक्त्यात 'पायी' हा रकाना पहिला ठेवा.