गोळ्यांचे वजन सारखे येण्यासाठी

घरी ओतलेल्या बंदुकीच्या गोळ्यांचे वजन सारखे का येत नाही, असे तुम्ही विचारले. तुम्ही अमेरिकेत राहता आणि तेथे स्वतःच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या ओतणे हा रूढ छंद आहे, म्हणून हे लिहितो. भारतात परवान्याशिवाय हे काम करणे गुन्हा ठरते. वजनातील फरकाचा दोष नवखा माणूस साच्याला देतो, पण माझ्या मते मूळ बहुधा धातूत असते. गाड्यांच्या चाकांची जुनी वजने (चाकाचा तोल साधण्यासाठी लावलेले शिशाचे, काही वेळा जस्ताचे, तुकडे) थोडी थोडी वितळवू नका. सगळी एकदम वितळवून, मेण टाकून तळापर्यंत ढवळा, वर आलेला मळ पळीने काढा आणि एकाच घाण्याच्या लगडी पाडून त्यांवर खूण करा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जस्त सुमारे ४२० अंशांना, त्यामुळे भांडे ४०० अंशांखाली ठेवल्यास जस्ताची वजने वर तरंगतात व वेचून काढता येतात. कथील आणि अँटिमनी शिशापेक्षा हलके असल्याने मिश्रण बदलले की त्याच साच्यातील गोळीचे वजनही बदलते.

साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात, फार तापला तर ती पांढुरकी दिसते. ओतल्यावर साच्याच्या तोंडावरील धातूची चकाकी जाईपर्यंत थांबा, मगच ते कापा, आणि ही लय शेवटपर्यंत सारखी ठेवा. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या पुन्हा भांड्यात टाका. उरलेल्यांपैकी हलक्या भरणाऱ्या गोळ्यांत बहुधा पोकळी असते.

पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या शिशात जाऊ देऊ नका, त्याची क्षणात वाफ होऊन शिसे अंगावर उडते. काम उघड्यावर करा, आणि हात धुतल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नका.