फ्रिक्वेन्सी म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द कुठे कुठे वापरतात?

एखादी गोष्ट ठरावीक वेळात किती वेळा घडते, ती तिची फ्रिक्वेन्सी, मराठीत वारंवारता. बसच्या फेऱ्या असोत की 'दिवसातून तीनदा' घ्यायची गोळी, अर्थ तोच. भौतिकशास्त्रात ती दर सेकंदाला मोजतात, एकक हर्ट्झ. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झचे आवाज ऐकू येतात.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो विजेतला वापर. आपल्या घरात येणारी वीज 50 हर्ट्झची असते, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की जनित्रांची गती मंदावते आणि हा आकडा घसरतो. फारच घसरला तर अख्खी ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, कोसळू नये म्हणून काही भागांची वीज आपोआप तोडली जाते. त्यामुळे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रात या आकड्यावर चोवीस तास नजर ठेवावी लागते.